जनावराचा दाखला बाजारातच मिळावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परराज्यातून जनावर आणताना त्याच्या कानात बिल्ला, भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंद आणि सोबत पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला असलाच पाहिजे. २०२२ मध्ये लम्पी या साथीच्या त्वचारोगाने अंगभर गाठी येऊन बसलेल्या गाईंना ज्यांनी हाताने पाणी पाजले, ते या नियमांना विरोध करणार नाहीत. मीही करत नाही.

गेल्या महिन्यात मी बेळगाव जिल्ह्यातील एका बाजारातून आठ दिवसांची व्यालेली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीची गाय घेतली. विक्रेत्याने दाखला आधीच काढून ठेवला होता. नाक्यावर मात्र बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकातला एक अंक जुळेना; बिल्ल्यावर ३ आणि कागदावर ८. त्यातच मालकीची नोंद त्याच्याही आधीच्या मालकाच्या नावे निघाली. दुपारी चारला थांबवलेला टेम्पो रात्री अकराला सुटला. तोवर कास दगडासारखी टणक होऊन सडांतून दूध आपोआप गळू लागले होते, म्हणून रस्त्याकडेलाच धार काढली; तरीही तिसऱ्या दिवशी एका सडाला दगडी (कासेचा दाह) झालीच. नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण न जुळणारा क्रमांक त्यांनी सोडून देणे चुकीचेच ठरले असते.

चूक झाली ती जनावराचा व्यवहार होतो त्या जागी. बाजारात पावती फाडणारा माणूस असतो, पण पशुवैद्यक नसतो. बाजाराच्या दिवशी तो तिथे हजर असावा, त्याने जनावर समोर उभे करून तपासावे, मालकी तेव्हाच बदलावी आणि दाखल्यावरील क्रमांक हाताने न लिहिता प्रणालीतूनच छापून यावा. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे दाखल्यावर ‘लसीकरण झाले’ एवढाच शेरा पुरेसा नाही, लसीची तारीखही हवी. तसेच हा कागद मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असावा.

आमच्या सीमाभागात ही देवघेव कधी थांबणारी नाही. खिल्लार ही जनावरांची जात जशी सांगोला-आटपाडीची, तशीच विजापूरचीही आहे, आणि माघात कर्नाटकातील चिंचलीच्या मायाक्का देवीच्या यात्रेला इकडच्या बैलगाड्या जातातच. दोन्ही राज्यांच्या पशुसंवर्धन विभागांनी निदान सीमेलगतच्या बाजारांपुरती ही व्यवस्था येत्या माघी यात्रेपूर्वी सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक दूध उत्पादक, ता. कागल, जि. कोल्हापूर