नवी चेन आणि झुआरीचा पूल

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय दिल्या,

दिवाळीत तुझं पत्र आलं, त्याला आत्ता उत्तर लिहितोय. शिव्या घालायच्या त्या घाल, पण आधी हे पुरं वाच. माझं बीपी गोळीवर, साखर काठावर, दाढा दोन काढल्या. झालं तब्येतीचं.

खरं कारण हे की पोरांनी मला सायकलला नवी चेन बसवून दिली.

हसू नको. रंकाळ्यावरची आमची सकाळची टोळी तुला माहीत आहे. त्यात म्हातारा मी एकटाच, बाकी सगळे माझ्या पोराच्या वयाचे. पन्हाळ्याला निघालं की शिवाजी पुलाजवळ माझी चेन पडते. गगनबावड्याच्या रस्त्याला बालिंग्याच्या पुलाजवळ पडते. शिरोलीकडे जायचं तर पंचगंगा दिसायच्या आधीच पडते. मी उतरतो, "व्हा पुढं, आलोच" म्हणतो, आणि सायकल हातात धरून, कठड्यापासून जमेल तेवढं लांब, चालत पूल ओलांडतो. परवा माझ्या वाढदिवसाला या गाढवांनी वर्गणी काढून चेन, फ्रीव्हील सगळं बदलून दिलं. नितीन म्हणतो, "काका, आता बघूया कशी पडते ती!" केक कापताना माझं तोंड कसं झालं असेल ते तुलाच कळेल. हिलासुद्धा ठाऊक नाही. एवढा संसार झाला, पण ही एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली आणि ती लपली, याचंच मला जास्त नवल वाटतं.

त्यात आता गोवा निघालंय. फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत. आरामात जायचं असं ठरलंय, घाई असणाऱ्यानं ट्रॅव्हल्सनं जावं. रस्ता ठरवायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी "अनुभवी". मुदाळ तिट्ट्यावरून गारगोटी, तिथं पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी उत्तूरवरून आजरा. आजऱ्यात लवकर पोचायचं आणि घनसाळच्या भातावर आडवा हात मारायचा, त्या दिवशी आणखी काही करायचं नाही. मग आंबोली. घाट उतरताना दर दोन-तीन वळणांनी थांबून ब्रेक गार होऊ द्यायचे, हे मी वहीत लाल शाईनं लिहिलंय. सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी चहा. इथवर मी राजा.

पुढं गोवा, म्हणजे पावलोपावली नदी नाहीतर खाडी. मी काय केलं असेल, ओळख. सगळा रस्ता फेरीबोटींनी शिवला! म्हापशाकडं जायचंच नाही. बांद्यावरून दोडामार्ग, डिचोली आणि थेट नार्वे. तिथं सप्तकोटीश्वराचं देऊळ आहे, महाराजांनी 1668 साली जीर्णोद्धार केलेलं. एवढं सांगितल्यावर कोल्हापूरचा कुठला पोरगा नाही म्हणेल? देवळाच्या पुढं फेरी, पलीकडं दिवाडी बेट, बेटावरून दुसरी फेरी, उतरलं की जुनं गोवं. तिथून पणजीला रायबंदरच्या बांधावरून जायचं. पोर्तुगीजांनी तो 1633-34 मध्ये घातला, तीनेक किलोमीटरचा सरळ सपाट रस्ता, कडेला मिठागरं. पाण्याला असा लागून आहे की पडलो तरी गुडघाभर चिखलात पडेन. असला पूल मला चालतो. पोरांना वाटतं, काकांना बोटींचं वेड आहे. वाटू दे.

तुला 1986 आठवतं? 5 जुलैला मांडवीचा पूल पडला आणि आपण दिवाळीत गेलो. बेतीच्या धक्क्यावर ही रांग! लोक वैतागलेले, तू सरकारच्या नावानं बोंब मारतोयस, 1970 साली बांधलेला पूल सोळा वर्षांत पडतोच कसा म्हणून. आणि मी भेळ खात खुशीत उभा. तू माझ्याकडं बघितलंस आणि एकदम गप्प झालास. त्या दिवशी तुला कळलं. पण कळल्यावर तू काय केलंस? रात्रभर मला समजावलंस की काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतात, खाऱ्या हवेनं त्या गंजल्या, म्हणून पूल गेला. कारण कळलं की भीती जाते, असं तुझं तत्त्व! मुडद्या, तोवर मला नुसती पुलाची भीती होती. तेव्हापासून आतल्या तारांचीही वाटायला लागली.

आणि हो, तू पुरात शिवाजी पुलावरून उडी मारलीस हे आप्पांना मी सांगितलं नव्हतं. पम्यानं सांगितलं. हे शेवटचं लिहितोय.

तर झुआरी. मी सुचवलं होतं की पणजीहून बाणस्तारीमार्गे मंगेशी, म्हार्दोळ करावं, मडकईला यावं आणि फेरीनं कुठ्ठाळीला उतरावं. बाणस्तारीचा पूल चुकत नाही, पण तेवढा श्वास धरून होईल. वैभव म्हणाला, "देव येताना करू काका, जाताना झुआरीच." नवा पूल यांना सकाळी सूर्य उगवताना पाहिजे, आगशीकडून चढायचं, सगळे एका ओळीत, पुढं मी, फोटो. मी म्हणालो, पणजीच्या अटल सेतूवर दुचाकी सोडत नाहीत, मुंबईच्या अटल सेतूवर, 21.8 किलोमीटरच्या, मोटारसायकलसुद्धा चालत नाही, तेव्हा आपण कायदा पाळलेला बरा. तर म्हणे झुआरीवर स्कूटरवाले रोज जातात. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीवर बंदी यावी म्हणून देवाला हात जोडले.

29 डिसेंबर 2022ला त्याची पहिली बाजू सुरू झाली तेव्हा तूच फोन करून सांगितलं होतंस, केबलवर तोललेला आहे, बघण्यासारखा आहे. पुन्हा ताराच! शेजारी 1983चा जुना पूल, तो बिचारा थकला म्हणून हा बांधला. एकाचं वय झालं म्हणून दुसरा आणला, हे ऐकून या वयात कुणाला धीर येतो?

मला उंचीचं काही नाही, हे तुला माहीत आहे. आपण तीन दरवाजाच्या तटावर पाय सोडून बसायचो. मला सोसत नाही तो सांधा. दोन स्लॅबमधली ती फट. शेजारून ट्रक गेला की पायाखालची जमीन किंचित वर येते, खाली बसते, आणि फटीतून खालचं पाणी काळं दिसतं. तू म्हणतोस हलतो म्हणून टिकतो. डोक्याला पटतं, पण गुडघे ऐकत नाहीत. आणि हे वाढत चाललंय, दिल्या. पूर्वी चालताना व्हायचं, आता एसटीतही होतं. मागं शिरोलीच्या पुलावर समोरच्या सीटची दांडी अशी आवळली की शेजारच्या मावशींनी पिशवीतून लिंबू काढून दिलं. मळमळतंय वाटलं त्यांना. मी घेतलं आणि चोखलं, काय सांगणार?

पोरांना सांगून टाकावं असंही वाटतं. पण नितीन पहाटे येऊन खालून हाक मारतो, घाटात माझ्यासाठी मुद्दाम मागं राहतो, आणि मी पुढं आहे यावर त्या पोराचा विश्वास आहे. तो मोडायला हात धजत नाही. गर्व म्हण हवं तर.

म्हणून एक मागणं आहे. तुझा गुडघा नवा आहे, सायकल जमायची नाही, ठाऊक आहे. पण मडगावात तुझी मेहुणी आहे आणि तिची स्कूटर आहे. त्या सकाळी आगशीला ये. मी पुलावर चढलो की तू माझ्या डाव्या अंगाला, कठडा आणि मी यांच्या मधे चालव, माझ्याच वेगानं. मागून कुणी हॉर्न मारला तरी जागा सोडू नको. आणि बोलत राहा. पुलाचं काही सांगू नको, तारांचं तर अजिबात नाही. भांडण काढ. पम्याचं काढ, आप्पांचं काढ, तू माझी पुस्तकं परत केली नाहीस ते मी काढतो. पोरांना सांगू, जुना मित्र अचानक भेटला.

नातवाचं बारसं झालं ना? नाव काय ठेवलं ते कळव. नाशिकचा फ्लॅट विकायची घाई करू नको, वहिनींचं ऐक. त्यांना नमस्कार. आक्का तुझी आठवण काढते, तिचं लोणचं नितीनबरोबर गोव्याला आणतो, म्हणजे तुला यावंच लागेल.

फोन करू नको. ही फोन स्पीकरवर टाकते. पत्रानंच कळव, आणि वर "सायकलबाबत" असं काही लिहू नको.

तुझा,
बापू