बॉयलर कोंबड्या आणि बारा तासांचा उपास

लँकेस्टर काउंटी, पेनसिल्व्हानिया, अमेरिका
१० मे

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

घरच्यापुरत्या बॉयलर कोंबड्या इथे कशा वाढवतात, असं तू विचारलंस. पक्षी तुझ्या शेडमधल्यासारखाच. पण तुझी बॅच दोन-सव्वादोन किलोला, सहा आठवड्यांच्या आत गाडीत चढते. इथे अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजायची, म्हणून ती आठ आठवडे ठेवतात. मर होते ती बहुतेक त्या शेवटच्या दोन आठवड्यांत, आणि तिची सोय दुसऱ्याच आठवड्यापासून करावी लागते.

पिल्लं टपालाने येतात, खरंच! १९१८ पासून इथलं टपाल खातं एक दिवसाची पिल्लं पोचवतं. अंड्यातून निघताना पोटात ओढून घेतलेला बलक त्यांना तीनेक दिवस पुरतो. खोकं उघडलं की आधी पाणी, मग खाद्य. एकेकाची चोच कोमट पाण्यात बुडवून द्यायची.

५० पिल्लांना सुरुवातीचे दोन आठवडे सहा फूट व्यासाचं कडं पुरतं. ते गोलच हवं. कोपरा मिळाला की गारठलेली पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. खाली तुमचं भाताचं तूस इथे मिळत नाही, पाइनचा रंध्याचा भुसा तीन इंच पसरतात. नुसता कागद नको, पाय घसरून फाकतात. पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. २५० वॅटचा दिवा साखळीनेच टांगायचा. चिमट्याच्या भरवशावर ठेवलेला दिवा भुशात पडतो आणि गोठा पेटतो. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघावं: दिव्याखाली गठ्ठा म्हणजे थंडी, कडेला चोच वासून बसली म्हणजे उकाडा. शेपटीखाली विष्ठा चिकटून सुकली तर कोमट पाण्याने भिजवून काढायची; ओढली तर कातडी सोलते.

आता उपासाचं. खाद्य २० ते २२ टक्के प्रथिनांचं. पहिला आठवडा दिवसरात्र पुढ्यात, आठव्या दिवसापासून बारा तास द्यायचं, बारा तास उचलून ठेवायचं. पाणी कधीच काढायचं नाही. तुला हे नुकसानीचं वाटेल. पण या जातीचं मांस ज्या वेगाने चढतं त्या वेगाने हृदय-फुप्फुसं वाढत नाहीत. मोकळं खाऊ दिलं तर सहाव्या-सातव्या आठवड्यात पोटात पाणी भरतं, पाय वाकतात, नाहीतर चांगला धडधाकट पक्षी फडफडून उताणा पडतो आणि संपतो. उपासाची एकच अडचण: सकाळी भांडं ठेवताच झुंबड उडते आणि बारकी मागे राहतात. म्हणून ५० पक्ष्यांना दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी आठ फुटी पन्हळ हवी, पाठीच्या उंचीवर.

तीन-चार आठवड्यांनी पिसं आली की बिनतळाच्या पिंजऱ्यात, गवतावर. दहा बाय बारा फूट, दोन फूट उंच. रोज एक पिंजराभर पुढे सरकवायचा, हळू, नाहीतर मागच्या दांडीखाली पाय सापडतात. सरकवला नाही तर खालची जमीन ओली राहून रक्ती हगवण लागते. पातळ षटकोनी जाळी रकून (रात्री हिंडणारा इथला जंगली प्राणी) फाडतो, आणि मुंगसासारखा पण त्याहून बारीक असा वीझल तर भोकातूनच शिरतो. अर्ध्या इंची वेल्डमेशच लावावी.

खाद्याचा हिशेब ऐकून तू हसशील: पक्ष्यामागे साधारण सात किलो, म्हणजे ५० ना २२.७ किलोची पंधरा-सोळा पोती. जिवंत वजन सव्वातीन-साडेतीन किलो, साफ करून अडीचच्या आतबाहेर.

कापायच्या आधी आठ-बारा तास खाद्य बंद, म्हणजे आतडी रिकामी राहतात आणि काढताना फुटली तरी घाण होत नाही. पिसांसाठी पाणी ६३ ते ६५ अंश, पाऊण ते एक मिनिट. जास्त वेळ ठेवली की पिसांबरोबर कातडीही येते. मग बर्फाच्या पाण्यात, आतलं तापमान चार अंशांखाली येईपर्यंत. लगेच फ्रीझरमध्ये टाकली तर मांस चामट होतं. आधी एक दिवस फ्रिजमध्ये राहू द्यायची. मांडी हलवून बघायची, सैल झाली की पिशवीत भरायची.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा