एक्के लपवू नकोस

मुलुंड पूर्व, रविवार रात्र

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

मघाशी फोनवर तू धड बोलली नाहीस. "बाबा, हातात एक्क्यांची जोडी होती आणि तरी बाहेर पडले, माझं नशीबच फुटकं," एवढं म्हणालीस, आणि मागे पणजीच्या त्या पोकर टूर्नामेंटचा गोंगाट. मग मीच खोदून खोदून एकेक पान विचारून घेतलं. राग आला असेल तर माफ कर. मला तो डाव समजून घ्यायचा होता.

जेवणं झाल्यावर टेबल पुसून मी तो डाव मांडला. चिप्स (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) नाहीत म्हणून आजीच्या डब्यातले चिंचोके काढले, एक चिंचोका म्हणजे एक हजार. तुझ्यासमोर सत्तावीस. ब्लाइंड, म्हणजे दर डावाला दोघांनी पानं बघण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम, १,५००–३,००० (लहान ती स्मॉल, मोठी ती बिग), वर बिग ब्लाइंडवाल्याचा ३,००० अँटी, म्हणजे आणखी एक सक्तीची भर. नऊ जणांचं टेबल, बक्षिसाच्या जागांना अजून सात जण जायचे बाकी. म्हणजे तुझ्याकडे बरोबर नऊ बिग ब्लाइंड. इस्पिकचा एक्का आणि बदामचा एक्का तुझ्या जागेवर पालथे ठेवले आणि बराच वेळ बघत बसलो.

तू काय केलंस? ३,००० टाकून नुसतं कॉल केलंस, म्हणजे रक्कम न वाढवता तेवढीच भरलीस. बटनवाला (पानं वाटणाऱ्याच्या जागेवरचा) ३,००० टाकून आला, स्मॉल ब्लाइंडनं १,५०० भरले, बिग ब्लाइंड फुकटात आत. मध्ये पंधरा चिंचोके जमले आणि तुझ्याकडे राहिले चोवीस. फ्लॉपला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक पहिल्या तीन उघड्या पानांत, किलवरची नव्वी, किलवरची अठ्ठी, चौकटची पंजी. तू ऑल-इन केलंस, म्हणजे होतं ते सगळं लावलंस, बिग ब्लाइंडनं कॉल केला आणि अठ्ठी-पंजी उघडली. त्याच्या दोन जोड्या. तिथून तू जिंकायची शक्यता जेमतेम चारात एक होती. टर्नला (चौथं उघडं पान) राणी, रिव्हरला (पाचवं) तिर्री, खेळ संपला.

चिऊ, तू सुरुवातीलाच ऑल-इन केलं असतंस तर ती अठ्ठी-पंजी त्यानं तुझ्या २७,००० समोर कधीही ठेवली नसती. तू त्याला फुकट बसू दिलंस. आणि समजा डोकं फिरून तो तेव्हाही आला असता, तर पाचात चार वेळा तूच जिंकली असतीस.

यात माझाही हात आहे, म्हणून तर रात्री साडेअकराला लिहायला बसलोय. तीस वर्षं मुलुंड ते व्हीटी आमचा ग्रुप मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून रमी खेळायचा. घाटकोपर जाईपर्यंत पानं लावून व्हायची, आणि तोंडावर रेषसुद्धा हलू द्यायची नाही हा आमचा धर्म. सुट्टीत तुला मांडीवर घेऊन मी तेच शिकवलं: चांगलं पान हाती आलं की गप्प बसायचं. रमीत ते बरोबर आहे. तिथे गप्प बसायला काही खर्च येत नाही. पोकरच्या टूर्नामेंटमध्ये दर डावाला भाडं आहे, आणि तुझ्याकडे भाड्यापुरतेच पैसे उरले होते.

हे भाडं मी मोजलं. त्या लेव्हलला एक फेरी म्हणजे ४,५०० ब्लाइंडचे आणि ३,००० अँटीचे, एकूण ७,५००. तुझे २७,००० साडेतीन फेऱ्यांत संपतात, म्हणजे साधारण ३२ डाव. मधेच ब्लाइंड वाढले तर त्याहूनही कमी. आता तू ज्यांची वाट बघत होतीस ते हात: एक्क्यांची जोडी २२१ वेळा पानं वाटली तर सरासरी एकदा येते. बादशहाची आणि राणीची जोडी, शिवाय एक्का-बादशहा, हे सगळे धरले तरी ३९ वेळांत एकदा. खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. ३२ डावांचं भाडं खिशात आणि गिऱ्हाईक ३९ डावांनी येणार. हे गणित तुला कुणी कागदावर मांडून दाखवायला हवं होतं, मी आधी दाखवलं नाही याचं वाईट वाटतंय.

तूच म्हणालीस की तासाभरापूर्वी, बारा ब्लाइंड असताना, छक्क्यांची जोडी टाकून दिली. तुझ्याआधी कुणीच आलेलं नव्हतं तरी टाकून दिली. नंतर बटनवर एक्का-सत्ती, तीही टाकली. मला तुझी दहावीची परीक्षा आठवली. दादरला सेंटर होतं, आणि मुलुंडला प्लॅटफॉर्मवर उभं राहून आपण दोन फास्ट सोडल्या, थोडी रिकामी येईल म्हणून. तिसरी पहिलीपेक्षा भरलेली आली. शेवटी दारात लोंबकळत गेलो आणि पेपर वाटून झाले होते. ती छक्क्यांची जोडी म्हणजे पहिली फास्ट होती, बाळा. चढता आलं असतं.

मोठा हात असो की मध्यम, दहाच्या आसपास ब्लाइंड उरले की पहिला शिरणारा माणूस आपण असावं, आणि पूर्ण शिरावं. तू ऑल-इन म्हणालीस की समोरच्याला दोनच रस्ते उरतात. त्यानं पानं टाकून दिली तर ७,५०० तुझे, म्हणजे तुझ्या ढिगाऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त, तेही पान न उघडता. कॉल केला तर पाचही पानं बघितल्याशिवाय तुला कुणी उठवू शकत नाही. एक्का-बादशहाला तर हे फारच लागू. त्या हाताला फ्लॉपवर जोडी तीनात एकदाच लागते, म्हणून लोक तो कॉल करून खेळतात आणि फ्लॉप चुकला की टाकून देतात. पाचही पानं बघायला मिळाली तर जवळजवळ निम्म्या वेळा जोडी लागते. राण्यांच्या जोडीसमोरसुद्धा तो ४३ ते ४६ टक्के जिंकतो.

पाच ब्लाइंडपर्यंत थांबलं की मात्र ही ताकद जाते. मग तुझा ऑल-इन बघून बिग ब्लाइंडवाला पानं न बघता चिप्स सरकवतो, कारण त्याला फरकच पडत नाही. तुझ्याकडे समोरच्याला दुखवण्याएवढे चिप्स असतात तोवरच लोक तुला घाबरतात.

एक्क्यांबद्दल तुझं म्हणणं मला कळतं. एवढा हात आला आणि सगळ्यांनी पानं टाकून दिली तर जीव हळहळतो. पण आकडे बघ: एका अनोळखी हातासमोर एक्के ८५ टक्के जिंकतात, तिघांसमोर ६४ टक्के. तू तिघांना आत घेतलंस. शिवाय नऊ ब्लाइंडवाली पोरगी ऑल-इन म्हणते तेव्हा टेबलाला वाटतं की हिची वेळ भरत आली, आता काहीही घेऊन खेळतेय. एक्का-अठ्ठी, सत्त्यांची जोडी, बादशहा-राणी घेऊन लोक कॉल करतात. तुला लपवायचं होतं ना? तो ऑल-इनच लपवतो, कारण छक्क्यांनाही तू तेच करतेस, एक्का-सत्तीलाही तेच. फक्त एक्क्यांना तू हळूच शिरलीस, तर जो माणूस चार तास तुझ्यासमोर बसलाय त्याला ते दिसतं.

लिंप, म्हणजे तू केलंस तसं नुसतं कॉल करून शिरणं, कधीच करू नये असं मी म्हणत नाही. मागे एखादा असा बसला असेल की कुणी लिंप केला की हमखास रेज मारतो, म्हणजे रक्कम वाढवतो, तर त्याच्यासाठी सापळा लावावा. पंचवीस-तीस ब्लाइंड असतील तर साधा रेज करून खेळायला जागा असते. तुझ्या टेबलावर तसं कुणी नव्हतं, मी विचारलं तेव्हा तूच सांगितलंस.

हातात बादशहाची जोडी असताना भिऊ नकोस. नऊ जणांच्या टेबलावर दुसऱ्या कुणाकडे एक्के असण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास. त्या चार टक्क्यांसाठी बाकीचे शहाण्णव सोडायचे नाहीत.

बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या अगदी उंबरठ्यावर, सांभाळून खेळावं असं तू म्हणालीस ते अर्धं खरं. हरलेली चिप जिंकलेल्या चिपेपेक्षा महाग असते, म्हणून दुसऱ्याचा ऑल-इन घेताना हात आखडता घ्यावा. पण ती भीती टेबलावरच्या सगळ्यांनाच असते, मधल्या ढिगाऱ्यावाल्यांना तर तुझ्यापेक्षा जास्त. आपण पहिले शिरलो तर तीच भीती आपल्या बाजूनं काम करते.

तुझी आई विचारत होती, हे सगळं किती दिवस चालणार. २०१८ मध्ये निकिता लूथरनं लास व्हेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचं ब्रेसलेट जिंकलं, भारतीय बाईला मिळालेलं पहिलं, तेव्हा ती बातमी तू फ्रिजवर चिकटवली होतीस. आईनं ती अजून काढलेली नाही, एवढंच तिला सांगितलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला आणि ॲपवरचे पैशांचे डाव थांबले, तेव्हा मला थोडं हायसं वाटलं होतं, खोटं का बोलू. तुझा पगार तुझा आहे आणि एन्ट्रीचे पैसे तू वेगळे काढून ठेवतेस, हे मला माहीत आहे. या वेळी बाहेर पडल्यावर लगेच दुसऱ्या टूर्नामेंटची एन्ट्री घेतली नाहीस, याचा आनंद तुझ्या एक्क्यांपेक्षा मोठा आहे.

टेबल आवरलेलं नाही. पानं उघडी आहेत, चिंचोके जिथल्या तिथे. आई सकाळी पोळ्या लाटायला जागा मागेल, तिला ओट्यावर लाटायला सांगेन. गुरुवारी आलीस की तुला सत्तावीस चिंचोके देतो आणि बिग ब्लाइंडवर मी बसतो, अठ्ठी-पंजी घेऊन. येताना कोकमं आण, संपलीत.

तुझा
बाबा