पाळकसाहेब, तुमची गाडी आम्ही का ओढली

आदरणीय पाळकसाहेब,

जय हिंद, आणि तुमच्या मंडळीत म्हणतात तसं, जय ख्रिस्त.

रविवारी तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात माईक माझ्या हातात आला आणि घसा दाटून आला. दोन दिवस पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द आठवेना. "जय हिंद" म्हटलं आणि खाली बसलो. जे बोलायचं राहिलं ते आता लिहितो आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. सात वर्षं तुम्ही आम्हा माजी सैनिकांसाठी काय केलंत हे नगरजवळच्या आपल्या भिंगारमध्येसुद्धा पुष्कळांना ठाऊक नाही. तुम्ही कधी सांगत फिरला नाहीत.

आधी दोराचं सांगतो. जेवणं उरकून तुम्ही आणि वहिनी गाडीत बसलात आणि आम्ही अकरा जणांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला टाकायला लावली. पुढून दोर बांधले. "अहो सुभेदारसाहेब, गुडघे सांभाळा, कशाला हे!" असं तुम्ही काच खाली करून सांगत होतात. पल्टणीत कमांडिंग ऑफिसर बदलीवर निघतात तेव्हा त्यांची जीप जवान दोर धरून ओढत नेतात. रीत सगळ्यांसाठीच असते, पण ज्या साहेबांनी माणसं जपली त्यांच्या वेळी दोराला हात लावायला जागा मिळत नाही. रविवारी आमच्यातला सगळ्यात तरुण माणूस बावन्न वर्षांचा होता. चर्चच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत ओढली, आणि कुणीही मध्ये दोर सोडला नाही. आमच्याकडे देण्यासारखा याहून मोठा मान नव्हता.

तुमची गाठ पडली २०१८ च्या नोव्हेंबरात. त्या महिन्यात पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ असते. एकाहत्तरची लढाई बघितलेले आमचे सुभेदारसाहेब एका सेवा केंद्राबाहेर उन्हात बसले होते. मशीन त्यांच्या बोटांचे ठसे घेत नव्हतं. चोवीस वर्षं रायफल आणि नंतर तीस वर्षं खुरपं, ठसे राहणार कुठून? तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसून नुसता चिडत होतो. तुम्ही रस्त्यानं चालला होतात. थांबलात, विचारलंत, आणि काही न बोलता घराकडे गेलात. परत आलात ते वाटीत कोमट पाणी घेऊन. सुभेदारसाहेबांची दहाही बोटं एकेक करून त्यात बुडवलीत, आपल्या रुमालानं पुसलीत, आणि त्यांना पुन्हा आत घेऊन गेलात. तरीही ठसा आला नाही. मग तुम्ही त्यांना मोटरसायकलवर बसवून बँकेत नेलंत, शाखाधिकाऱ्यांसमोर कागदावर त्यांची सही करवून दाखला दिलात, आणि घरी सोडलंत. मी त्या दिवशी तुम्हाला "फादर" म्हणालो होतो. तुम्ही हसून म्हणालात, "फादर कॅथलिक मंडळींचे. मी पाळक. पण हाक कशीही मारा, ऐकू येते."

पुढच्याच आठवड्यात तुम्ही चर्चमागची खोली उघडून दिलीत. दर मंगळवारी, संध्याकाळी पाच ते सात. बाहेर पाटी नाही, उद्घाटन नाही. दोन बाकं, एक टेबल, एक पंखा, आणि मंडळीतल्या बायकांनी पाळीपाळीनं केलेला चहा. भिंगारसारख्या छावणीच्या गावात फौजी घराघरात सापडतो. एका बाजूला रणगाड्यांचं आर्मर्ड कोअर सेंटर, दुसरीकडे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र. बाहेरच्यांना वाटतं, इथल्या माजी सैनिकाला काय कमी? कँटीन आहे, पॉलिक्लिनिक आहे, पेन्शन आहे. खरं आहे. सरकारनं पुष्कळ दिलं आहे. पण दिलेलं घ्यायला कागद लागतो, आणि आम्हाला कागद वाचायची सवय नाही. आम्हाला हुकूम ऐकायची सवय. घरपट्टीत माफी मिळते हे आमच्यातल्या निम्म्यांना तुमच्या खोलीत कळलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुठला अर्ज कुणाकडे द्यायचा, हे तुम्ही स्वतः दोन सकाळी तिथं बसून शिकून आलात आणि मग आम्हाला शिकवलंत. पुढं पेन्शन बँकेकडून 'स्पर्श'वर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेवर गेली तेव्हा युजर आयडी, पासवर्ड, ओटीपी कुठं टाकायचा हे सगळं वहीत प्रत्येकाच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंत, आणि "पासवर्ड मला सांगू नका, स्वतः लिहा" म्हणून पेन आमच्या हातात दिलात. चेहरा दाखवून हयातीचा दाखला निघायला लागला तेव्हा सुभेदारसाहेब तुमच्या मोबाइलसमोर सावधानमध्ये उभे राहिले. पापणी मिटली तरच फोटो निघतो. ते पापणी मिटेनात. तुम्ही हळूच म्हणालात, "साहेब, विश्राम." मिटली. दाखला निघाला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं.

पण सगळ्यात मोठं काम तुम्ही मावशींचं केलंत, आणि ते मला सविस्तर लिहायचं आहे, कारण अशा विधवा प्रत्येक गावात आहेत.

त्यांचे मालक नाईक या हुद्द्यावरून पेन्शनीवर आलेले, २०१९ मध्ये गेले. फॅमिली पेन्शन सुरू होईना. पल्टणीच्या नोंदीत मावशींचं माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरी ठेवलेलं. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, त्यात कुणाचं काही चुकत नाही. पण कागदाच्या हिशेबानं त्या दोन बायका झाल्या, आणि पहिली बाई कुठंच सापडत नव्हती. मावशी दीड वर्ष दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत होत्या आणि कुणाला सांगत नव्हत्या. त्यांनी पेटीतून मालकांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारं नोंदींचं पुस्तक, आणलं ते भिजलेलं. पत्र्यातून पाणी गळून पानं एकमेकांना चिकटली होती. तुम्ही ते हातात घेतलंत, आणि मला अजून दिसतं, पट्टीच्या टोकानं एकेक पान सोडवत होतात, प्रत्येक दोन पानांत वर्तमानपत्राचा तुकडा घालत होतात, आणि मग वर भजनांची जाड पुस्तकं रचून पंख्याखाली ठेवलंत. तीन दिवस ते तिथं होतं. त्या रविवारी उपासनेत चार जणांना भजनाचं पुस्तक मिळालं नाही, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

मग प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत नावबदलाची जाहिरात, राजपत्र, लग्नाचा पुरावा, सरपंचांचा दाखला, आणि सगळ्याचा संच बेळगावला रेकॉर्ड ऑफिसकडे. तिथून नोंद बदलल्याची पार्ट टू ऑर्डर निघते, तिच्यावरून पीपीओचं, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचं शुद्धिपत्र, आणि मग पैसा. लिहायला दोन ओळी लागल्या, व्हायला अकरा महिने लागले. तुम्ही दर पत्राची पोच फायलीत लावत होतात. एकदा संच अपुरा म्हणून परत आला. मी म्हटलं, सोडा आता. तुम्ही पाकीट उघडून यादी वाचलीत आणि म्हणालात, "एकच कागद कमी आहे, हवालदारसाहेब. म्हणजे बाकी सगळे बरोबर आहेत." मागची थकबाकी धरून पैसे जमा झाले त्या दिवशी मावशी चर्चमध्ये पेढे घेऊन आल्या आणि देवापुढं ठेवायला जागा शोधू लागल्या. तुम्ही टेबल मोकळं करून दिलंत.

एक गोष्ट लिहू का नको असं वाटत होतं, पण लिहितो. सुरुवातीला काहीजण मला म्हणाले, चर्चमध्ये कशाला जाता, हळूहळू बाटवतील. माझ्या घरी गणपती बसतो, मी पंढरपूरला जातो. सात वर्षांत तुम्ही एकदाही मला धर्माचं पुस्तक पुढं केलं नाहीत. आषाढीच्या आधी "पायांना तेल लावून घ्या" एवढं मात्र दरवर्षी सांगितलंत. आम्हा फौजींना यात नवल नाही. युनिटमध्ये सर्वधर्म स्थळ असतं, एका छपराखाली सगळे देव. फौजेत पंडितजी असतात, ग्रंथी असतात, मौलवी असतात, पाद्री असतात, आणि जवान ज्याच्या जवळ उभा राहतो त्याच्याकडून प्रसाद घेतो. पेन्शनीवर आल्यावर ते छप्पर गेलं होतं. तुम्ही ते परत उभं केलंत. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन आणि संक्रांत पुष्कळदा एकत्र येते. त्या खोलीत मौलानासाहेबांनी, देवळाच्या पुजारीकाकांनी आणि तुम्ही आम्हाला तिळगूळ दिलात, तो फोटो माझ्या भिंतीवर आहे.

कोरोनात तुम्ही आमची औषधं घरोघर पोचवलीत, याबद्दल जास्त लिहीत नाही. तुम्हाला आवडणार नाही.

आता माझं स्वतःचं. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. १९८७ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलो. तिथं अकराशेहून जास्त भारतीय जवान कामी आले. त्यातला एक माझ्या बरॅकमधला, माझ्या शेजारच्या खाटेवरचा, ऑक्टोबर महिन्यात, जाफन्याच्या बाजूला. १९९० च्या मार्चपर्यंत सगळी फौज परत आली. आपल्या लोकांना ती लढाई फारशी माहीत नाही. कारगिलचं विचारतात, श्रीलंकेचं कुणी विचारत नाही, आणि मीही तीस वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एका मंगळवारी सगळे गेल्यावर मी खोलीला कुलूप लावत होतो. तुम्ही विचारलंत, "ऑक्टोबर आला की तुम्ही गप्प होता. काय असतं?" सांगितलं. बराच वेळ लागला. तुम्ही सल्ला दिला नाहीत, वचन वाचून दाखवलं नाहीत. फक्त विचारलंत, "नाव काय त्यांचं?" आणि तारीख विचारून डायरीत लिहून घेतलीत. ते नाव मी इथं लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतर दरवर्षी त्या तारखेला सकाळी सात वाजता तुमचा फोन यायचा. "हवालदारसाहेब, आज त्यांचा दिवस. मी प्रार्थनेत नाव घेतलं." एवढंच, आणि फोन बंद. मी बायकोला त्याच्याबद्दल सांगितलं ते पहिल्या फोननंतर. आता त्या दिवशी ती त्याच्या नावानं दिवा लावते.

खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला आपण नाताळच्या आधी गेलो होतो. १९७४ पासून तिथं पाठीच्या कण्याला मार लागलेले जवान राहतात. तोंडात ब्रश धरून चित्र काढणारा तो जवान आठवतो? आम्ही सगळे त्याच्या मागं उभे राहून चित्राची वाहवा करत होतो. तुम्ही खाली बसलात, त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर, आणि विचारलंत, "रंग कुठला हवा पुढं?" आणि अर्धा तास त्याला रंग कालवून देत बसलात. तुमचं आणि फौजेचं काही नातं नाही, घरात कुणी सैनिक नाही. तरी माणसापाशी कसं बसायचं हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

वहिनींना वेगळे आभार. रात्री नऊला दार वाजलं की "आले फौजी" म्हणून त्या चहाचं आधण ठेवायच्या. मुलांची परीक्षा असली तरी. आणि मंडळीच्या सगळ्या लोकांना, ज्यांनी आपली खोली, आपली वीज, आपली साखर आमच्यासाठी खर्च केली आणि कधी हिशेब विचारला नाही.

बदलीच्या गावी सामान लागलं असेल. इकडची खबर देतो. खोलीची किल्ली पंचांनी माझ्याकडे ठेवली आहे आणि नवीन पाळकसाहेबांनी मंगळवार चालू ठेवायला सांगितलं आहे. काल सात जण आले होते. फायलीत तीन कामं बाकी आहेत: सुभेदारसाहेबांचं मेडिकलचं बिल, एका भाऊंच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि शेवगावहून आलेल्या एका ताईंचं नावबदलाचं प्रकरण, अगदी मावशींसारखंच. त्यांच्याबरोबर मावशी स्वतः नोटरीकडे जाणार आहेत. कुठला कागद आधी लागतो हे त्यांना आता तोंडपाठ आहे. बेळगावची पोच आली की मी तुम्हाला फोन करतो.

तुमचा,
एक निवृत्त हवालदार, भिंगार