एका जुन्या फियाटच्या तळाविषयी परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: विंटेज वाहनांच्या नोंदणीत 'दुरुस्ती' कशाला म्हणायचं आणि 'बदल' कशाला, हे लेखी कळवण्याबाबत.

सन्माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

मी सांगलीच्या खणभागात राहते आणि हळदीच्या एका पेढीवर हिशेब लिहिते. आपल्याकडे एसटीच्या नि रिक्षाच्या तक्रारींचा ढीग असताना एका जुन्या मोटारीचं रडगाणं म्हणजे चोचले वाटतील, याची मला कल्पना आहे. तरी वाचा.

गाडी फियाट ११०० डिलाइट. नोंदणी १९७२ ची. माझे वडील हळदीचे अडते. नंबर लावल्यावर सहा वर्षांनी गाडी हातात आली, ती नेमकी दुष्काळात. लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडतायत आणि तू दारात मोटार उभी करतोस, म्हणून आजोबा दिवाळीपर्यंत वडिलांशी धड बोलले नव्हते. २०११ मध्ये वडील गेले, गाडी वाड्याच्या बोळात पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली आणि नोंदणीची मुदत कधी उलटली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ही चूक आमची. तेवढी कबूल करून पुढं जाते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. आमच्या बोळात गाडीचं फक्त टप दिसत होतं. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर आत घोटाभर काळा गाळ, आणि त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. भंगारवाल्याने चौदा हजार सांगितले. हिशेबनीस म्हणून मला ते पटायला हवं होतं. पटलं नाही, आणि का नाही पटलं याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

इंजिन जाम झालं होतं. कुपवाडहून आलेल्या मिस्त्रीकाकांनी चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं ओतलं आणि सांगितलं, "ताई, रोज सांजच्याला पुलीला पाना लावून जरा हलवून बघायचं. जोर करायचा न्हाई. ती हलंल तवा हलंल." पेढीवरून आले की चपला काढायच्या आधी मी ते करायची. अकराव्या दिवशी पुली दोन बोटं सरकली. मी एकटीच होते बोळात. सांगायला कुणी नव्हतं म्हणून वहीत लिहून ठेवलं.

ही वही पुढं कामाची आहे, म्हणून तिच्याविषयी सांगते. गाडीचा निघालेला प्रत्येक भाग, तारीख, कुठून निघाला, परत बसला की बदलला, कुणी केलं, किती दिले, सगळं त्यात आहे. मागच्या सीटखाली एक हळकुंड सापडलं, त्याचीही नोंद आहे. आई म्हणाली, ते दसऱ्याच्या पूजेचं. ते परत सीटखालीच ठेवलंय.

खरं काम तळाचं होतं. सीट काढून गाळ खरवडला तर पायाखाली पत्राच नव्हता. टोकदार पेन टोचलं तरी आरपार जाई. दारांखालच्या पोकळ पट्ट्या आतून सडलेल्या. आणि मंत्रीमहोदय, सगळी गोम इथं आहे. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चॅसी असते, वर बॉडी बसवलेली असते. फियाट ११०० ला ती नाही. मिस्त्रीकाकांच्या भाषेत, "हिला येगळी चॅसी न्हाई. अंग हेच हाड." तळ, दारांखालच्या पट्ट्या, खांब आणि टप मिळून सगळा भार पेलतात. तळ कापला की गाडी मधोमध खचते आणि मग दारं आयुष्यात कधी लागत नाहीत. म्हणून आधी दारांच्या खांबांमध्ये चौकोनी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करून तिला बांधून घेतली, आणि मग वीतभर तुकडा कापायचा, तेवढाच नवा बसवायचा, माप घ्यायचं, दार लावून बघायचं. गॅस वेल्डिंगच्या आचेनं पातळ पत्रा वेडावाकडा होतो, म्हणून सीओटू वेल्डिंग, तेही एक टाका इथं, एक तिथं, मध्ये गार होऊ देत. नव्या तळाच्या पन्हाळ्या मिस्त्रीकाकांनी लाकडी साच्यावर ठोकून जुन्या पत्र्याबरहुकूम काढल्या. चार महिने फक्त तळाला लागले. बाकी ब्रेकचे सिलिंडर, क्लच, वायरिंग, रंग यांचं पुराण सांगत नाही; पैसे मात्र त्यांनीच जास्त खाल्ले.

कापलेला एकही तुकडा टाकला नाही. खडूने नंबर घालून पोत्यात भरला.

आता नियम. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी, मूळ स्वरूपात, व्यापारी वापर नसलेली. नवी नोंदणी २० हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी. रोज फिरवायची नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. मला हे सगळं मान्य आहे. त्याच महिन्यात आमच्या गल्लीत पुन्हा पाणी आलं तेव्हा गाडी खालून बांधलेल्या अवस्थेत छोट्या ट्रकवर घालून विश्रामबागेत मावशीकडे नेली होती. तिथं मोबाइलवर ही बातमी वाचली आणि वाटलं, चला, आपली सोय झाली.

अडलं ते एका शब्दाशी. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, असं नियम म्हणतो. मी ज्या कार्यालयात गेले त्याचं नाव घेत नाही, कारण तिथले लोक वाईट वागले नाहीत. त्यांनी वही पाहिली, फोटो पाहिले, चहाही दिला. मग साहेब म्हणाले, "मॅडम, तळ बदललाय म्हणजे बॉडी शेल बदललं."

"बदललं नाही, दुरुस्त केलं."

"कागदावर ते सारखंच."

दुसऱ्या खिडकीवर नेहमीच्या नूतनीकरणाची चौकशी केली, तर वडिलांचं जुनं नोंदणी पुस्तक 'वाहन' या संगणकीय नोंदणी प्रणालीवर चढलेलंच नाही, आधी ते चढवून घ्या, आणि ५० वर्षांची गाडी आहे तर विंटेजलाच जा, असं उत्तर. म्हणजे पुन्हा पहिली खिडकी.

गमतीचा भाग इंजिनाचा. त्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. चार सिलिंडरचे मिळून १०८९ सीसी. पुराच्या पाण्यानं सिलिंडरला खड्डे पडले होते, म्हणून मिरजेच्या लेथवर बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला आणि त्या मापाचे पिस्टन घातले. माझ्या आकडेमोडीनं आता ते ११०५ सीसी भरतं. हा 'इंजिनातला बदल' का? तसं असेल तर पन्नास वर्षं चाललेली एकही गाडी या राज्यात मूळ स्वरूपात सापडायची नाही. बोअर करणं हा त्या काळच्या इंजिनाचा ठरलेला उपचारच आहे. वाढीव मापाचे पिस्टन त्यासाठीच तर मिळतात.

हा शब्द असा लावला तर फायदा कुणाचा, हेही बघा. जी गाडी श्रीमंताच्या कोरड्या गॅरेजात पन्नास वर्षं झाकून राहिली, ती मूळ स्वरूपात. जी नदीकाठच्या गावात चालली, भिजली, गंजली आणि मालकाने पदरमोड करून जशीच्या तशी उभी केली, ती बदललेली. शिवाय लोक खोटं बोलायला शिकतील. मला तिथंच बाहेर एकाने सल्ला दिला, "तळाचं बोलायचंच नाही. वरनं अंडरकोट मारला की कोण बघतंय?" वही दाखवली हीच माझी चूक ठरली.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ, फीवा, आपल्या ट्युरिन सनदेत जतन आणि पुनर्बांधणी यांचा वेगवेगळा विचार करतो आणि केलेल्या कामाची नोंद ठेवायला सांगतो. ट्युरिन हे फियाटचंच गाव. ते जाऊ द्या, आपल्या घरचं बघू. ज्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने ही गाडी कुर्ल्याला बांधली, त्यांच्याच नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आमच्या विश्रामबागेत आहे. मिरजेला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथले प्राध्यापक पत्र्याची जाडी मोजून, जुना तुकडा नव्याशेजारी ठेवून अर्ध्या दिवसात सांगतील, की आकार तोच आहे की नाही.

नियम केंद्राचा आहे हे मला माहीत आहे. तो बदला असं मी म्हणतच नाही. परिवहन आयुक्तांकडून एक परिपत्रक निघावं: गंजलेला वा पुरात खराब झालेला भाग त्याच आकाराचा, त्याच जागी बसवला असेल, इंजिन तेच ठेवून बोअर केलं असेल, तर ती दुरुस्ती समजावी, आणि त्याचा पुरावा म्हणून फोटो, पावत्या नि तंत्रसंस्थेचा दाखला चालावा. केंद्राला विचारल्याशिवाय हे करता येत नसेल तर आपल्या सहीनं विचारा. माझ्या सहीच्या अर्जाला पोच मिळते, उत्तर मिळत नाही.

गाडी आता पहिल्या चावीला सुरू होते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं गाडीच्या इंधन पंपाचा पडदा एकदा खाल्ला, पण उसाच्या जिल्ह्यात राहून त्याबद्दल कुरकुर कुठं करायची! गेल्या पावसाळ्यात पाणी चढतंय असं कळल्यावर ही चालू गाडी मी दोरीने ट्रॅक्टरला बांधून खणभागातून बाहेर काढली, कारण स्वतः चालवली असती तर गुन्हा झाला असता. ट्रॅक्टरवाला सगळा वेळ मागं वळून हसत होता.

पोतं माझ्या कॉटखाली आहे. आपला कुणी अधिकारी येणार असेल तर सगळे तुकडे नंबरवार मांडून ठेवते. मेअखेरपर्यंत काही कळलं तर बरं पडेल. जूनमध्ये मला पुन्हा ट्रॅक्टर सांगून ठेवावा लागतो.

आपली,
खणभागातली एक गाडीमालकीण,
सांगली