मदत एकच, नजरा अनेक

महोदय,
मंदीतल्या सरकारी मदतीबद्दलचे मत बहुधा खिसा पाहून ठरते, याचे मला फार वाईट वाटते. १९३२ मध्ये अमेरिकी सरकारने बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्जे दिली, तो अर्थव्यवस्थेला आधार! बेकारांना थेट पैसे द्यायचे म्हटले, की मात्र ‘लोक आळशी होतील’ अशी ओरड. ब्रिटनमध्ये १९३१ पासून अनेक बेकारांना भत्ता देण्याआधी घरातल्या मुलांची कमाईसुद्धा तपासली जाई. मध्यमवर्गाला तर नोकरी गेल्यावर मदतीच्या रांगेत उभे राहणे म्हणजे मेल्याहून मेल्यासारखे. १९३५ च्या अमेरिकी रोजगार योजनेत रस्ते-शाळा बांधून मजुरी मिळू लागली. ती तरी कष्टाची होती. त्या मजुरांनाही टीकाकारांनी ‘फावड्यावर रेलून उभे राहणारे’ म्हटले.
– एक वाचक