नैरोबीहून पत्र : त्या बंदूकवाल्या फोटोविषयी

नैरोबी,
श्रावणातला दुसरा रविवार

ती. आई-बाबांस आणि आजीस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे आई पुढचं शांतपणे ऐकेल. फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता, मध्येच आवाज तुटतो आणि आई "जाऊ दे, जेवलीस ना?" म्हणून विषय संपवते. डोंगरावरच्या माझ्या फोटोत मागे बंदूकवाला पाहून तुम्ही काळजीत पडलात, त्याबद्दल मला नीट सांगायचं आहे, म्हणून हे पत्र. दादा, तू याची प्रिंट काढ आणि आजीला मोठ्याने वाचून दाखव, गाळू नकोस काही.

ऑफिस, खोली, डबा, सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच चाललंय.

तर तो फोटो. माझ्या मागे हिरव्या कपड्यांत आणि गमबुटात बंदूक घेऊन उभा आहे तो वनखात्याचा रक्षक. आई, तो चोरांसाठी नाही, हत्तींसाठी आहे. आम्ही, म्हणजे मी आणि इथला डोंगर चढणाऱ्यांचा गट, गेलो होतो ॲबरडेअरच्या डोंगरांत, एलिफंट हिल नावाच्या शिखरावर. लांबून पाहिलं तर हत्ती बसल्यासारखी त्या डोंगराची पाठ दिसते. आणि खरे हत्तीही त्या जंगलात आहेत, रानम्हशी आहेत. या सगळ्या डोंगररांगेभोवती सुमारे ४०० किलोमीटरचं विजेचं कुंपण घातलंय, २००९ साली ते पूर्ण झालं. त्यामुळे जनावरं शेतात उतरत नाहीत आणि शेतकरी जंगल तोडत वर सरकत नाहीत. कुंपणाच्या आत जायचं तर रक्षक बरोबर घ्यावा लागतो. म्हणजे तो फोटो काळजी करण्याचा नाही, उलट काळजी घेतली जाते याचा आहे.

"मुलीच्या जातीने कशाला जायचं डोंगरांत?" असं आजी म्हणाल्याचं वहिनीने सांगितलं. आजी, आमच्या गटात निम्म्याहून जास्त बायका आहेत. एक शाळेत शिकवते, एक नर्स आहे, दोघी बँकेत आहेत, आणि एक तर साठी ओलांडलेल्या बाई आहेत, त्या माझ्या पुढे चालतात. आणि तुम्हीच नाही का नवरात्रात कळसूबाईच्या जत्रेला अनवाणी चढून जात होता, आईला पाठुंगळी घेऊन? आईनेच मला ते सांगितलंय.

बाबा, तुम्हाला एक गंमत सांगते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. नैरोबी शहर त्याहून उंचावर आहे. म्हणजे मी रोज बसने ऑफिसला जाते तीच मुळी कळसूबाईच्या माथ्याच्या वरून. एलिफंट हिल जवळजवळ ३,६०० मीटर आहे. वर गेल्यावर श्वास लागतो आणि डोकं जड होतं, पण आम्ही इथे राहून उंचीला थोडे सरावलेले आहोत आणि चढताना कुणी घाई करत नाही. पहिल्यांदा गटाबरोबर गेले तेव्हा सगळ्यात पुढे राहायचा माझा हट्ट होता. आता तो राहिला नाही.

निघायचं पहाटे पाचला, अंधारात. शहरातून व्हॅनने नैवाशाच्या महामार्गाने जायचं, मग वळून न्जाबिनी नावाच्या गावी. तो सगळा किनांगोपचा भाग म्हणजे बटाटा, कोबी, गाजर आणि दूध. बाबा, तुम्ही पाहिलं तर गाडी थांबवायला लावाल, इतकी काळी भुसभुशीत जमीन. हवाही आपल्या माघातल्यासारखी गार. इथे ऑगस्टमध्ये थंडी असते, आणि मी स्वेटर, कानटोपी, पावसाचं जाकीट सगळं नेते. आई, कानटोपी नेते. हे दोनदा लिहिलं तरी चालेल.

इतक्या पहाटे का निघायचं, ते ऐका. आम्ही विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहोत, त्यामुळे बारा महिने दिवस-रात्र जवळपास सारखी. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि आपल्याकडच्यासारखा संधिप्रकाश रेंगाळत नाही, पटकन अंधार पडतो. शिवाय दुपारनंतर ढग खाली येतात. म्हणून प्रत्येक चढाईची एक ठरलेली वेळ असते. त्या वेळी जो जिथे असेल तिथून मागे फिरतो, शिखर हाताशी दिसत असलं तरी. यात कुणाचं काही चालत नाही, पैसे भरले असले तरी. मला हा नियम फार आवडतो आणि तुमच्या काळजीवर माझं खरं उत्तर हेच आहे.

आधी लावलेली झाडं लागतात, सायप्रस आणि पाइनची, सरळ रांगेत. मग बांबू सुरू होतो. इतका दाट की दहाच्या उन्हातही खाली हिरवा अंधार. आणि चिखल. काळा, गुडघ्याला लागेल असा, पाय काढताना बूट आत राहील की काय असं वाटतं. तिथेच एका ठिकाणी आमचा रक्षक थांबला. वाटेवर हत्तीचं शेण होतं. त्याने वाकून त्यावर उलटा हात धरला, मग बोटाने फोडून पाहिलं आणि मागे न बघता फक्त तळहात वर केला. आमच्यातला शेवटचा माणूससुद्धा जागच्या जागी उभा राहिला. मग ऐकू आलं, डाव्या हाताला खाली कुठेतरी बांबू मोडत होता, कडाड, मग शांत, मग पुन्हा कडाड. दिसलं काहीच नाही. आम्ही तसेच उभे होतो. त्याने खूप वेळाने हात खाली केला आणि आम्हाला वरच्या अंगाने वळसा घालून नेलं. बंदूक त्याच्या खांद्यावरून उतरलीसुद्धा नाही. आई, अशा माणसाबरोबर मी जाते.

बांबूच्या वर झाडं बुटकी होतात, फांद्यांना शेवाळ्याच्या लांब दाढ्या लोंबतात आणि मग एकदम उघडा माळ. तिथे एक जागा आहे, तिला सगळे 'पॉइंट ऑफ डिस्पेअर' म्हणतात, कारण इतकं चढून आल्यावर तिथून समोर दिसतं की हत्तीची अख्खी पाठ अजून चढायची आहे. आमच्यातल्या बँकेतल्या एकीने तिथे बसकण मारली, गुडघे गेले म्हणाली. प्रत्येक गटात एक वाटाड्या पुढे असतो आणि एक सगळ्यात शेवटी, आणि शेवटच्याचं काम एकच, त्याच्या मागे कुणी राहता कामा नये. तो तिच्याशेजारी बसला, थर्मासमधला दुधाचा गोड चहा दिला, उतरायचं का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली. मग तो तिच्या पावलाने चालला. आम्ही वर थंडीत कुडकुडत थांबलो, ती आल्याशिवाय कुणी डबा उघडला नाही. (मी बटाट्याची भाजी-पोळी नेली होती. पोळी इथे सगळ्यांना माहीत आहे, चपातीच म्हणतात आणि लग्नाकार्यात मानाने करतात.)

बाबा, हे तुमच्यासाठी. १९५२ साली इंग्रजांनी इथे आणीबाणी लावली तेव्हा माउ माउचे, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या बंडातले, लढवय्ये याच जंगलात राहून लढले. त्यांच्यातला डेडान किमाथी १९५६ मध्ये पकडला गेला, १९५७ च्या फेब्रुवारीत त्याला फाशी दिली. आमच्या वाटाड्याचे आजोबा रात्री जंगलात जेवण पोचवायचे, असं तो सांगत होता. मला लगेच इंग्रजांशी लढलेले आपले देवगावचे राघोजी भांगरे आठवले. त्यांनाही १८४८ मध्ये ठाण्याला फाशी दिली. मी वाटाड्याला राघोजींची गोष्ट मोडक्या स्वाहिलीत सांगितली. त्याने नाव दोनदा म्हणून घेतलं. आणि वंगारी मथाई, ज्यांना झाडं लावण्याच्या कामासाठी २००४ साली नोबेल मिळालं, त्या याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाच्या. पायथ्याशी ससुमुआ धरण आहे. नैरोबीच्या नळाला येणारं बरंचसं पाणी याच डोंगरांतलं. आपल्या भंडारदऱ्याचं पाणी खाली प्रवरेकाठची गावं पितात, तसंच.

आता एक गोष्ट, जी मला अजून पूर्ण उमगलेली नाही आणि जी तुम्हाला मुद्दाम सविस्तर सांगायची आहे, कारण तिचा आपल्या घराशी संबंध आलाय.

परतताना व्हॅनमध्ये सगळे दमलेले, चिखलाने माखलेले. मागून कुणीतरी म्हणालं, अमुकच्या वडिलांना इस्पितळात ठेवलंय. झालं, सगळ्यांचे फोन बाहेर. इथे २००७ पासून एम-पेसा आहे, मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय, आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधीपासून. गटाच्या व्हॉट्सॲपवर एक यादी सुरू होते. पहिला माणूस आपलं नाव आणि रक्कम लिहितो. दुसरा ती अख्खी यादी उचलून खाली आपलं नाव आणि रक्कम जोडतो आणि पुन्हा टाकतो. तिसरा तसंच. कुणी पन्नास शिलिंग, कुणी दोन हजार, आणि सगळ्यांना सगळं दिसतं. आत्ता नसतील तर "देईन" असं लिहायचं, महिनाअखेरीला द्यायचे. खजिनदार एक-एक नावापुढे खूण करतो. शेवटी हिशेब टाकला जातो, इस्पितळाच्या पावतीचा फोटोसुद्धा. याला हरांबे म्हणतात. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा जोमो केन्याट्टांनी लोकांना हीच हाक दिली होती, राजचिन्हावरही तो शब्द आहे, आणि कितीतरी शाळा लोकांनी अशाच वर्गणीतून बांधल्या. आजारपणाला, मयताला, कुणाच्या फीला, आणि लग्नाला.

हो, लग्नाला. आमच्यातल्या नर्सचं लग्न ठरलं तेव्हा रीतसर समिती नेमली. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. दर शनिवारी बैठक. मंडपाला इतके, जेवणाला इतके, केकला इतके, अख्खं अंदाजपत्रक सगळ्यांसमोर. मला आधी फार संकोच वाटला. आपल्याकडे आहेर असतो, पण तो लग्नात, पाकिटात, आणि बापाला किती कर्ज झालं ते कुणाला कळता कामा नये. इथे मुलीच्या बापाचं ओझं आधीच वाटून घेतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मीही दिले पैसे. ती आता मला बहीण म्हणते.

आता घरचं. छोटीचं लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर, हे कळलं, फार आनंद झाला. मी येणार. गौरी-गणपतीला येणं जमत नाही, कारण सुट्टी एकदाच मिळते आणि ती मी लग्नासाठी राखून ठेवलीय. इथली मराठी मंडळी गणपती बसवतात, मी मोदक करायला जाते, तेव्हा माझा सण चुकत नाही. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनलाही मी नव्हते. दादा-वहिनींनी सगळं केलं, मला माहीत आहे. बाबा, थेंब वेळच्या वेळी घालताय ना? आई म्हणते घालतात, पण तुम्ही स्वतः सांगा.

सोसायटीचं कर्ज वाढवू नका. हॉलचा ॲडव्हान्स आणि आचाऱ्याचे पैसे मी या महिन्यात पाठवते, दागिन्यांचं दिवाळीच्या बोनसवर करू. दादा, खर्चाची यादी मला पाठव. रक्कम लपवून नको, सगळी.

"मोठी बसलीय आणि धाकटीचं आधी" असं लोक म्हणतात, हे आई फोनवर बोलली नाही, पण मला कळलं. नाशिकच्या त्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. त्यांनी विचारलं की नोकरी सोडून परत याल का, आणि मी विचारलं की दोन वर्षं थांबाल का. त्यांचं उत्तर अजून यायचंय. मुलगा चांगला वाटला. डोंगर चढतो का ते विचारायचं राहिलं, तेवढं दादाने विचारावं. आई, माझ्यापायी छोटीच्या लग्नात कुणाशी बोलताना मान खाली घालू नकोस.

आणि शेवटचं, बाबांसाठी. व्हॅनमध्ये मी सहज बोलले की माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. खोलीवर पोचेपर्यंत यादी सुरू झाली होती. पहिलं नाव वाटाड्याचं, मग बँकेतल्या त्या बाईचं, मग सगळ्यांची. त्या रक्षकानेसुद्धा शंभर शिलिंग पाठवलेत. बाबा, तुम्ही म्हणाल की आपण कुणाचे पैसे घेत नाही. मीही नको म्हटलं, तेव्हा त्यांचे चेहरे पडले, आम्ही परके आहोत का असं नर्सने विचारलं. त्या पैशांतून छोटीला एक पितळी समई घ्यावी असं मला वाटतं. तुमची परवानगी हवी. खजिनदार पुढच्या शनिवारी हिशेब बंद करणार आहे, त्याआधी कळवा.

तुमची लेक

ता. क. : पैसे या वेळी दादाच्या खात्यावर येतील, बाबांच्या नाही. बँकेचा मेसेज आला की मला लगेच सांगा.